लाख लावलेला भोपळा

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी पोहायला शिकले. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. हौस नव्हती, गरज होती, आणि गरजेला मुदत होती: एप्रिलअखेर. मुलीची परीक्षा तेव्हा संपायची. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बावीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरायचं, आणि मग दसऱ्यापर्यंत त्या घरात कोणी पाण्यात उतरत नसे. मधले सहा आठवडे मुलीचे होते. मला जितका उशीर होईल तितके तिचे दिवस जाणार होते.

बावी म्हणजे विहीर. शब्द आमच्या घरमालकिणीचा. तिचं घराणं दहा-बारा पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून बंगळूरकडे आलेलं. घरात बोलायचे मराठीच, पण त्या मराठीत बावी होती, स्वल्प होतं, सरी होतं. ‘स्वल्प थांब’ म्हणजे जरा थांब आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, हे मी पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घेतलं. आम्ही नवे, पुण्याहून आलेलो. यजमानांना इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि कारखान्याच्या क्वार्टर्स बांधून व्हायच्या होत्या. जयनगरमध्ये तेव्हा आखलेले रस्ते जास्त आणि घरं कमी होती. रस्ते संपले की मळे. त्यातल्याच एका मळ्यातल्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मालकिणीला पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पंचावन्न-साठीची, किरकोळ अंगाची बाई. नऊवारी नेसून रोज पहाटे बावीत पोहायची आणि ओल्या केसांनीच गोठ्यात जायची.

मुलीला चौथ्या वर्षी पोलिओ झाला होता. ताप आठवड्यात उतरला, डावा पाय मागे राहिला. गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून ती चालायची. इथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, वाकवला, सोडला, आणि म्हणाले, “जमिनीवर ह्या पायाला अंगाचं वजन पेलत नाही, म्हणून तो काम टाळतो. पाण्यात वजन लागत नाही. तिथं करील. वाढीची वर्षं आहेत, वाया घालवू नका.”

मी घरी येऊन वहीत दोन रकाने केले. शहरातल्या ज्या एका तलावाची चौकशी केली तिथे बायका-मुलींची वेळ आठवड्यातून एकदाच होती, आणि जायला दोन बस. बुटासकट तिला बसमध्ये चढवणं-उतरवणं धरलं तर अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी अख्खा दिवस जायचा. दुसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: मागील दारी.

मी अक्कांना विचारलं. त्या शेंगा निवडत होत्या.

“पोरीला येईल की,” त्या म्हणाल्या. “पण आधी तू.”

“मी कशाला? पोहायचं तिला आहे.”

“तुला येतं?”

“नाही.”

“मग ती बुडाय लागली तर काय करशील?”

“तुम्हाला हाक मारीन.”

“खोटं. उडी मारशील. सगळ्या आया मारतात. मग मला दोघींना काढावं लागेल. एकीला काढायचं वय आहे माझं, दोघींना नाही.”

त्या घरचा नियमच तसा होता. जिला पोहता येत नाही तिचं मूल बावीत उतरत नसे. नवी सून आली की पहिल्याच उन्हाळ्यात तिला पाण्यात घालत. पाळणा हलायच्या आत तिचं पोहणं झालेलं असे. पूर्वी काही वाईट घडलं होतं का, असं मी विचारलं. अक्का म्हणाल्या, “काही झालं म्हणून नियम नाही गं. नियम आहे म्हणून काही झालं नाही.”

यजमानांनी शिकावं असंही मी सुचवून पाहिलं. सकाळची वेळ बायकांची, तेव्हा बाप्यांना मागच्या फाटकाच्या आत यायची बंदी. शिवाय अक्कांच्या मते बाप उडी मारण्याआधी चष्मा काढून ठेवील.

परीक्षाही त्यांनी तेव्हाच सांगितली. बावी आडवी चार वेळा ओलांडायची, मधे कुठे हात टेकायचा नाही, आणि पाचव्या खेपेला त्यांना स्वतःला ओढत काठाला आणायचं. “मी मदत करणार नाही. मेल्यागत पडून राहीन,” त्या म्हणाल्या.

शिवरात्र झाल्यावर, थंडी ओसरताच सुरुवात केली. पहाटे साडेपाच ते साडेसहा. बावी चौकोनी, दगडी बांधणीची, एका अंगाला पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या. मी सगळी तयारी आदल्या दिवशी लिहून काढली होती: काष्ट्यासाठी जुन्या नऊवारीचा अर्धा तुकडा, यजमानांचा जाड शर्ट, पंचा, केसांना फडकं. पोहण्याबद्दल एका इंग्रजी मासिकातून काढलेली टिपणंही होती. अक्कांनी कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि त्यात माझा पंचा गुंडाळून पायरीवर ठेवला.

पहिले दोन दिवस पोहणं नव्हतंच. “आधी बाहेर यायला शीक,” त्या म्हणाल्या. भिंतीत चारी बाजूंना लोखंडी कड्या होत्या. डोळे मिटून भिंतीला धरून सरकायचं, कडी सापडली की थांबायचं, पुढची शोधायची, शेवटी पायरी. मी हे तीस-चाळीस वेळा केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला कसं काढायचं ते. पायरीशी एक लांब वेळू कायम टेकवून ठेवलेला असे आणि कठड्यावर दोराचं वेटोळं.

“आधी वेळू. वेळू पोचला नाही तर दोर. दोरही नाही तर मग तू. आणि तू गेलीस तर मागनं जा. पुढनं गेलीस तर ती गळ्यात पडणार आणि दोघी खाली.”

हे मात्र मी वहीत लिहिलं आणि अक्कांनी ते लिहू दिलं.

चौथ्या दिवशी सांगड आली. दोन वाळलेले दुध्या भोपळे, मधे सुंभाची पट्टी. पट्टी पोटाखालून घ्यायची, भोपळे पाठीवर. कवच लाकडासारखं टणक, आत वाळक्या बिया; हलवले की खुळखुळ्यासारखे वाजत. त्यांच्या आधाराने मी पाण्यावर राहिले, इतकंच नाही तर आठवडाभरात हातपायही नीट मारू लागले. अक्का पायरीवरून ओरडायच्या, “चपाती लाटतीस काय? लांब घाल हात!” मुलगी वरच्या पायरीवर पाय पसरून बसलेली असे. शाळेआधी हे पाहायला मिळावं म्हणून ती न उठवता उठायची.

मी रोज संध्याकाळी सामान तपासून ठेवत असे. सांगडीच्या गाठी, सुंभ कुठे झिजलाय का, भोपळ्यांना तडा गेलाय का. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी असंच पाहताना एक भोपळा हलवला तर बिया वाजल्या नाहीत. जड लागला. बुडाशी, देठाच्या उलट बाजूला, दाभणाएवढं बारीक भोक होतं. मी पाणी काढलं, भोपळा दोन दिवस गच्चीवर वाळवला, त्या दोन दिवसांसाठी अक्कांकडून दुसरा मागून घेतला, आणि भोक लाखेनं बंद केलं. पुण्याला पार्सलं पाठवावी लागत म्हणून लाखेच्या कांड्या घरात असायच्याच. वहीत नोंद केली: ‘डावा भोपळा, भुंग्याने पोखरला, दुरुस्त.’

चार दिवसांनी उजव्याला भोक. तोही बंद केला. पुढच्या आठवड्यात डाव्याला पुन्हा, लाखेच्या ठिपक्याशेजारीच. भुंगा चिकाटीचा होता.

मी यजमानांना सांगितलं. त्यांना पोहता येत नव्हतं, पण पाण्याचं गणित पक्कं येत होतं. रविवारी त्यांनी दोन्ही भोपळे बादलीत दाबून धरले आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. “टाकीची गळती आम्ही अशीच काढतो,” ते म्हणाले. नुसती लाख टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी भोकांवर लाख भरून वर कापडाची पट्टी चिकटवली आणि दोन्ही भोपळ्यांना करड्या रंगाचे दोन हात दिले. रंग यंत्रांवर मारतात तो. वाळल्यावर भोपळे तोफगोळ्यांसारखे दिसायला लागले. त्यांत पाण्याचा थेंब शिरणं शक्य नव्हतं, याची यजमानांनी मला लेखी हमी द्यायची तयारी दाखवली.

सोमवारी पहाटे मी ते पाठीला बांधून पायऱ्या उतरले. अक्का पाण्यातच होत्या. त्यांनी पाहिलं, जवळ आल्या, एका भोपळ्यावर टिचकी मारली.

“हे काय केलीस?”

“भुंगा लागला होता. तीनदा भोकं पडली. मी लाखेनं बुजवली, पण टिकेना, म्हणून ह्यांनी...”

अक्कांनी कडी धरली आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग पाण्यातून बाहेर येऊन कमरेचा बटवा उघडला आणि त्यातून एक दाभण काढून माझ्यापुढे धरलं.

“हा तुझा भुंगा.”

त्या घरात शिकवायची रीत ही होती. आठ-दहा दिवस भोपळा पूर्ण तरंगू द्यायचा. मग न सांगता त्याला भोक पाडायचं. पाणी हळूहळू शिरतं, आधार रोज थोडा कमी होतो, शिकणारीला कळत नाही. भोपळ्यानं सोडलेलं काम हातपाय उचलत जातात. शेवटी एके दिवशी भोपळा पाण्यानं भरलेला असतो आणि तीच त्याला ओढत असते. मग तिला थांबवून सांगायचं, आता मागं वळून बघ. अक्का स्वतः तशाच शिकल्या होत्या, त्यांच्या नणंदा, मुली, सुनासुद्धा. आजवर कुणी सांगड तपासून पाहिली नव्हती.

“पाच वर्षांची पोर पंधरा दिवसांत आयतु, झाली म्हणून समज,” त्या म्हणाल्या. “तू महिना झाला तरी तिथंच. मी म्हणते ही पुण्याची बाई दगडाची की काय. रोज भोक पाडते, रोज हिचा भोपळा वर!”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं की संपलं. ज्याला कळलं त्याला भोपळा सोडवत नाही. आता तुला कसं शिकवू मी?”

मला हसू आलं नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा संपला होता. वरच्या पायरीवरून मुलीनं विचारलं, “आई, म्हणजे तू अजून पहिल्याच दिवसावर आहेस?” मी हो म्हटलं, कारण तसंच होतं.

मी त्याच दिवशी उपाय काढला. भोक अक्कांनी पाडायचं त्याऐवजी मीच मापानं पाणी घालीन. रंगवलेल्या भोपळ्यांना वरून बाटलीच्या बुचाएवढं भोक पाडून घेतलं, बूच बसवलं. एका भोपळ्यात पाच तांबे मावत होते. यजमानांनी तक्ता करून दिला: पहिल्या दिवशी प्रत्येकी अर्धा तांब्या, मग एक, मग दीड, दहाव्या दिवशी भरलेले. त्यांच्या हिशोबानं माणसाचं अंग जवळजवळ आपोआपच तरंगतं, भोपळ्याचं काम फक्त डोकं वर ठेवण्यापुरतं. तक्ता बरोबर होता. अक्का तो पाहून म्हणाल्या, “सरी. करून बघ.”

दोन तांब्यांपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे झालं. अडीच तांब्यांच्या दिवशी मी मध्यावर पोचले आणि मला आठवलं की आज भोपळा अर्धा भरलेला आहे. एवढंच. पाय खाली गेले, नाकातोंडात पाणी. अक्कांचा वेळू खांद्याशी आलाच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच, पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या दिवशी मी दोनवर आले तर दोनलाही बुडाले. हातपाय तेच, पाणी तेच. माप माहीत असणं एवढाच फरक होता, आणि तो कसा काढून टाकायचा ते वहीत लिहिता येत नव्हतं.

मुलीची परीक्षा संपली. पहिल्या सुट्टीच्या सकाळी ती पायरीवर बसून म्हणाली, “आज माझा पहिला दिवस गेला.” तक्रारीच्या सुरात नव्हे, मी दुधाच्या रतिबाचा खाडा सांगते तशी. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “दोन.” मोजायची सवय तिला कुणाची लागली हे उघड होतं.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तिच्या हातात दिला.

“आता ही भरणार. किती ते हिला माहीत, तुला नाही. तू विचारायचं नाही.”

“तिला कळणार कसं किती भरायचं?”

“मी कानात सांगीन.”

मी मुलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात असलेल्या बाईंचा भाव होता. “तू तिकडे तोंड कर,” ती म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा थोडा आला. तो पुन्हा आलेला आवाज मोजायचा नाही असं मी ठरवलं. तिनं बुचं दाबून बसवली आणि सांगड माझ्या पाठीला लावली. गाठ मारायला अक्कांनी मदत केली.

“जड आहे का?” मी विचारलं.

“विचारायचं नाही म्हणून सांगितलंय ना?” मुलगी म्हणाली.

मी उतरले. मध्यावर पोचले तेव्हा मला आठवण्यासारखं काही नव्हतं. मी हात घालत राहिले. पलीकडची कडी हाताला लागली, मी वळले, परत आले. असं पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी पायरीपाशी परत आले. मुलीनं एक बूच काढलं आणि सांगड माझ्या पाठीवरच कलती केली. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी वळून पाहिलं नाही, आवाजावरूनच कळलं.

त्यानंतर सांगड सोडून आठ दिवस सराव केला. परीक्षेच्या दिवशी चार खेपा पार पडल्या. पाचव्या खेपेला अक्का खरोखरच मेल्यागत पडून राहिल्या, आणि मी मागून जाऊन त्यांच्या हनुवटीखाली हात घालून त्यांना ओढत आणलं. अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, “केस ओढतीस गं.” बाहेर आल्यावर नारळ फोडून त्यातलं थोडं खोबरं बावीत टाकलं, बाकीचं आम्ही खाल्लं. मुलीचे सतरा दिवस गेले होते. उरलेला महिना तिचा.

पायाचं इथेच सांगून टाकते. तो बारीकच राहिला. बूट कॉलेजात जाईपर्यंत होता, पुढे काठी. डॉक्टर म्हणाले तसं गुडघ्यात जोर बराच आला, त्यांना वाटलं होतं तेवढा नाही. क्वार्टर्समध्ये राहायला गेल्यावरही दर उन्हाळ्यात आम्ही अक्कांकडे जात राहिलो. पाण्यात तिचा कुठला पाय कसा आहे ते ओळखू येत नाही. हे मी काठावरून अनेकदा पाहिलं आहे.

तिची सुरुवात माझ्यासारखीच झाली. दोन दिवस कड्या शोधणं, मग वेळू आणि दोर कशासाठी असतात ते, मग सांगड. तेच करडे भोपळे. दहा दिवस ते रिकामे ठेवले. अकराव्या पहाटे अक्कांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि मुलीला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं.

तिला सगळं ठाऊक होतं. माझे भोपळे तिनंच भरले होते. भोक, बूच, माप, काही लपलेलं नव्हतं. मी तांब्या भरून घेतला. बूच काढलं. डाव्यात थोडं ओतलं, थांबले, उजव्यात ओतलं. ती पाठमोरी उभी होती, उजव्या पायावर, एक हात कडीला धरून.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“किती ते सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

मी सांगड तिच्या पाठीला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि तिच्याआधी पाण्यात उतरले. ती पायरीवर बसली, सरकत सरकत पाण्यात आली, आणि पायरी सोडली. मी तिच्यापुढे हातभर अंतरावर उलटी सरकत होते. माझे दोन्ही हात पाण्याखाली, तिच्या पोटाच्या अगदी जवळ होते. लागत नव्हते, पण जवळ होते.

“हात मागं घे,” अक्का पायरीवरून म्हणाल्या.

मुलगी हात घालत होती, लांब, पाणी कापत, आणि माझ्याकडे न पाहता समोरच्या कडीकडे पाहत होती.

मी हात मागे घेतले.